काही न करण्याचा व्हिसा

“तिकडं गेल्यावर दिवसभर काय करणार तुम्ही?” मी विचारायची.

“तुला माहीत नाही व्हय?” अक्का म्हणायची.

“मी आत्ता तुझी बहीण नाही. व्हिसाच्या खिडकीतली बाई आहे. नीट उत्तर दे.”

अक्का परातीतला हात थांबवायची, खिडकीतल्या बाईकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघायची आणि म्हणायची, “भाकरी करीन.”

“चूक.”

“भाकरी चूक? मग काय दगड खाणारेस तिकडं?”

सोलापूरच्या आमच्या स्वयंपाकघरात ही शिकवणी रोज सकाळी चालायची. तवा तापलेला, ज्वारीच्या पिठाची धूळ उन्हाच्या पट्ट्यात तरंगतेय, आणि मी ओट्याला टेकून हातातल्या कागदावरचे प्रश्न एकेक करून विचारतेय. परीक्षा अक्काची होती. पास व्हायला एकच वाक्य पुरेसं होतं : ‘मी तिथे काही काम करणार नाही.’ तेवढं एक वाक्य तिच्या तोंडातून निघेना. त्या सकाळी मला हल्ली फार आठवतात. तेव्हा मात्र माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे असायचं.

अक्का माझी मोठी बहीण. आई लवकर गेली. वडील सूतगिरणीत होते, आणि गिरणी बंद पडल्यावर ते दारापुढच्या कट्ट्यावर बसून राहिले. मला वाढवलं अक्काने, विड्या वळून. आमच्या भागात हे मुद्दाम सांगण्यासारखं नाही. गल्लीतल्या निम्म्या बायका तेच करायच्या. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, बोटांत दोरा. घरात उजेड कमी, म्हणून उंबऱ्याशी बसायच्या. एकीला दुसरीकडे गप्पांना जायचं असलं तर ती आपलं सूप घेऊनच जायची. घरच्या बाईने तिला आधी पाणी द्यायचं, मग टेकायला भिंत द्यायची, आणि मग दोघींनी मान खाली घालून विड्या वळत वळत अख्ख्या गल्लीचा हिशेब मांडायचा. मी अक्काच्या शेजारी बसून मोठ्याने धडे वाचायची. वाचन थांबलं की ती मान वर न करता म्हणायची, “झोपलीस व्हय?” माझ्या वह्यांना तंबाखूचा वास यायचा. शाळेतल्या बाई वही नाकापासून जरा लांब धरून तपासायच्या, पण बोलायच्या नाहीत. वर्गातल्या बऱ्याच वह्यांना तो वास होता.

हात रिकामे राहायचे ते फक्त घरात कोणी गेलं की. तेव्हा सूप उलटं करून भिंतीला टेकवून ठेवायचं, ही आमच्या घरची रीत. वडील गेले तेव्हा ठेवलं होतं. पुढे अक्काचे यजमान गेले तेव्हाही ठेवलं. दिवस झाले की शेजारीण यायची, सूप सुलटं करायची आणि काही न बोलता अक्काच्या मांडीवर ठेवायची. दुसऱ्या दिवसापासून काम सुरू. ‘काही करत नाही’ हे आमच्याकडे सुतकातलं बोलणं होतं. मला हे पक्कं माहीत होतं, तरी त्या सकाळी मी ते लक्षात घेतलं नाही. माझ्यापुढे कागदांचा ढीग होता, आणि ढीग समोर असला की मला फक्त तो कमी करायचं सुचतं.

आता माझ्याविषयी. शिकून मी पुण्याला नोकरीला लागले. परदेशी कंपनीसाठी सूचना-पुस्तिका लिहायच्या : आधी हे बटण दाबा, मग ते झाकण उघडा. माझ्या स्वभावाला अगदी साजेसं काम. लग्न केलं नाही. वर्षानुवर्षं आमची दोन घरं चालली. शुक्रवारी संध्याकाळी सोलापूरची गाडी, रविवारी परतीची, पिशवीत शेंगाची चटणी आणि कडक भाकऱ्यांचा डबा. सोमवारी पुण्यात डबा उघडला की चटणीच्या वासाबरोबर आमचा उंबरा डोळ्यांपुढे यायचा, आणि मी घाईघाईने झाकण लावायची.

करोनात लॅपटॉप घेऊन घरी आले ती राहिलेच. समोरच्या खोलीत, जिथे अक्का सूप घेऊन बसायची तिथेच, मी टेबल टाकलं. पहिल्या दिवशी ती दारात उभी राहून बघत होती.

“म्हणजे तू पण घरी बसून काम करणार? विड्यांसारखं?”

“तसंच.”

“मग माल न्यायला कोण येतं?”

“कोणी नाही. इथूनच जातो.” मी पडद्याकडे बोट केलं.

“आणि छाट?”

कारखान्यात तपासणारा माणूस ज्या विड्या नापास करून बाजूला टाकतो ती छाट. तिची मजुरी मिळत नाही. मी म्हटलं, “छाट पण असते. माझा मॅनेजर काढतो.” तेव्हा कुठे तिला पटलं की ही खरी नोकरी आहे.

तिने स्वतः तोवर विड्या सोडल्या होत्या. बोटं आखडायची. त्याऐवजी ती कडक भाकरी करायला लागली होती : ज्वारीची, पापडासारखी, महिना महिना टिकणारी. ओळखीच्या दोन दुकानांत द्यायची. सकाळ तिच्या तव्याची, दुपारपासून संध्याकाळपर्यंत माझं टेबल. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, तो दिवस दोघींचा. अशाच एका पाण्याच्या दिवशी पिंप भरता भरता ती म्हणाली, “आता पुन्हा दोन घरं नको बघ.” मी म्हटलं, “नकोच.” शपथा-आणाभाका आमच्यात नाहीत. पाइप या पिंपातून त्या पिंपात टाकता टाकता एवढंच ठरलं.

मग बढती आली. कंपनीचं मुख्य कार्यालय युरोपात. आमच्या गटाचं प्रमुखपद रिकामं झालं, आणि ते मला द्यायची त्यांची तयारी होती. अट एकच : मी त्यांच्या घड्याळाच्या जवळपास कुठेतरी राहायला हवं. कुठल्या गावात, याची त्यांना पर्वा नव्हती. ऑफिसला यायचं नव्हतंच. पन्नाशीच्या उंबरठ्यावर कोणी बढती घेऊन दारात येत नाही. शिवाय मला समुद्राजवळ राहायचं होतं, आणि कधीही उघडला तरी पाणी देणारा नळ बघायचा होता. मला ते पद हवं होतं, अगदी मनापासून. अक्काला सांगितलं तर ती म्हणाली, “मग जाऊ की.” जाऊ म्हणाली, जा म्हणाली नाही.

मी कामाला लागले. घरून काम करणाऱ्यांना परदेशात लांब मुदतीने राहायचं तर काय काय मार्ग आहेत, याचा मी तक्ता केला, कंपनीच्या घड्याळात न बसणारे देशही धरून, कारण अर्धवट यादी मला बघवत नाही. तोवर मला वाटायचं व्हिसा म्हणजे व्हिसा. तसं नसतं. बाहेरच्या देशातल्या कंपनीचं काम आपल्या लॅपटॉपवर करणाऱ्यांसाठी आता कितीतरी देशांनी वेगळा व्हिसा काढला आहे. एस्टोनिया साधारण वर्षभर राहू देतो. दुबईही वर्षाचा देते, पुढे वाढवता येतो. जपान सहाच महिने, आणि लगेच वाढवून मिळत नाही. थायलंडचा व्हिसा पाच वर्षं चालतो, पण एका वेळी साधारण सहा महिने राहायचं, मग एक तर वाढवायचं किंवा बाहेर जाऊन यायचं. जर्मनीत स्वतंत्र काम करणाऱ्यांना परवाना मिळतो, पण तिथली गिऱ्हाइकं दाखवावी लागतात, आणि मी पगारी. पोर्तुगाल, स्पेन आणि आणखी काही देशांत पहिल्या व्हिसानंतर राहण्याचा परवाना वाढवत नेता येतो; लांबचा विचार करणाऱ्याला हे बरं. मी पाहिलं तेव्हाचे हे नियम. ते बदलत असतात, म्हणून माझ्या भरवशावर कोणी तिकीट काढू नये. कागद मात्र सगळीकडे साधारण सारखेच : नोकरीचं पत्र, पगाराचा पुरावा, आरोग्य विमा, पोलिसांचा दाखला, तिथल्या घराचा करार.

तक्त्यातला शेवटचा रकाना होता ‘कुटुंब’. तो मी सर्वांत शेवटी भरायला घेतला, कारण तो सोपा वाटला. नवरा किंवा बायको : चालते. मुलं : चालतात. अवलंबून असलेले आईवडील : काही ठिकाणी चालतात. बहीण कुठेच नव्हती. सगळे देश संपले. मी परत वरपासून सुरुवात केली, की कुठे नजरचूक झाली असेल. नव्हती.

“काय करालीस? तोंड का असं केलंस?” अक्काने विचारलं.

“तू माझी कोणी नाहीस,” मी म्हटलं.

“कोण म्हणतं?”

“सगळे देश.”

अक्का हसायलाच लागली. “मग आई लाव की. मीच वाढवलंय तुला. काय खोटं आहे त्यात?”

खोटं नव्हतं. पण कागद तसं म्हणत नव्हता.

एक वाट निघाली. मी निवडलेल्या देशात, त्याचं नाव सांगत नाही कारण त्यांचं काही चुकलं नाही, आणखी एक व्हिसा होता : ज्यांना तिथे काम करायचं नाही, नुसतं स्वतःच्या उत्पन्नावर राहायचं आहे, अशांसाठी. निवृत्त माणसं, घरभाड्यावर जगणारी माणसं. अक्काला यजमानांची पेन्शन होती, वरच्या दोन खोल्यांचं भाडं होतं, आणि अक्कलकोट रोडचा प्लॉट विकून आलेली ठेव तिच्याच नावावर होती. जमत होतं. म्हणजे एकाच घरात राहायला दोघी निघणार, पण दोन निराळ्या दारांतून. मी सिद्ध करायचं की मी काम करते. तिने सिद्ध करायचं की ती करत नाही, करणार नाही.

कागद अक्काने हौसेने गोळा केले. फोटो काढायला नवीन इरकल नेसली. पोलीस चौकशीला हवालदार आला तर त्यालाच चहा, भाकरी, चटणी. तो म्हणाला, “मावशी, तुमच्याविरुद्ध काही नाही, पण चटणीत मीठ जरा जास्त आहे, तेवढं लिहू का?” ती म्हणाली, “लिहा, पण भाकरीबद्दल पण लिहा.” कागदांच्या परीक्षेत ती पहिली आली. अडली फक्त त्या वाक्यापाशी.

“म्हण, मी काही करणार नाही.”

“असं भरल्या घरात बोलू नये.”

“हा फक्त नियम आहे, अक्का.”

“व्हय. नियमच आहे. आपल्यात पण आहे.”

शेवटी आम्ही तडजोड केली. तिने म्हणायचं : ‘बहिणीजवळ राहीन, देवपूजा करीन, समुद्रावर फिरीन.’ तिन्ही खरं. पुढे विचारलं तर नुसती मान हलवायची.

मुंबईच्या मुलाखतीची तारीख यायच्या आधीच गल्लीने आमचा निरोप समारंभ करून टाकला. व्हिसा हातात यायचाय, असं मी चार जणींना सांगून पाहिलं. त्यावर शेजारच्या भाभी म्हणाल्या, “आता हैच ना. तुम्हाला नक्को कोण बोलतंय?” भाभींचा नवरा शिलाई मशीनवर आणि त्या काजाबटणांवर, त्यांच्या बोलण्यात दखनी आणि मराठी एकाच ताटात जेवतात. अक्काच्या विडीवाल्या मैत्रिणी देवळाच्या ओट्यावर जमल्या. सोलापुरात कोणाचाही सत्कार झाला की चादर मिळते. आम्हाला दोघींना मिळून इतक्या चादरी मिळाल्या की ज्या देशात जायचं तिथली थंडी संपली असती. मंडळाने चौकात फ्लेक्स लावला : आम्हा दोघींचे फोटो, मागे विमान, आणि विमानाच्या मागे सिद्धेश्वराचं तळं. अक्का त्याखालून जाताना डोक्यावरचा पदर सारखा करायची.

मुंबईत आधी माझं झालं, पटकन. मग अक्काला बोलावलं. काचेपलीकडे परदेशी अधिकारी, आणि त्याच्या शेजारी भाषांतराला आपल्याकडची एक मध्यमवयीन बाई. मला मागच्या खुर्चीवर बसवलं, बोलायचं नाही या अटीवर. सगळं ऐकू येत होतं.

“तिथे गेल्यावर दिवसभर काय करणार?” बाईंनी विचारलं. अगदी माझाच प्रश्न. 

“बहिणीजवळ राहीन, देवपूजा करीन, समुद्रावर फिरीन,” अक्का म्हणाली, शाळेतल्या कवितेसारखं.

अधिकारी लिहीत होता. सगळं नीट चाललं होतं. मग त्या बाई आपणहून, अगदी प्रेमाने म्हणाल्या, “छान. खूप कष्ट केलेत तुम्ही, दिसतंय. आता बहिणीच्या जिवावर आराम. काही म्हणजे काही करायचं नाही.”

मला पाठमोरी अक्का दिसत होती. तिने पदर खांद्यावर घट्ट ओढला.

“आराम कशाला?” ती म्हणाली. “मला काय झालंय? हातपाय चालतात की माझे.”

“नाही, म्हणजे तिथे कामाची गरज नाही ना तुम्हाला.”

“गरज नाही कशी? तिथं माणसं जेवत असतीलच की. भाकरी करीन, चटणी करीन, जवळपास दुकान बघून देईन. बहिणीच्या जिवावर बसून खाणारी बाई नाही मी. लिहा तसं.”

“मावशी, तसं लिहिलं तर…”

“लिहा. माझं नाव घालून लिहा.”

बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, कारण मला हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्हीला तिथे परवानगी नव्हती.

बाहेर रस्त्यावर आम्ही टपरीवर चहा घेतला. अक्काने चहावर फुंकर घातली. मग म्हणाली, “गेलं का?”

“गेलं बहुतेक.”

“ती म्हणाली काही म्हणजे काही नाही. मला एकदम भिंतीला लावलेलं सूप दिसलं.” तिने चहा संपवला. “बोल, काय बोलायचं ते.”

मी चहाचे पैसे दिले. परतीच्या गाडीत तिने पिशवीतून डबा काढला, आम्ही भाकरी मोडून खाल्ली, आणि समोरच्या बाकावरच्या माणसालाही तिने दिली. त्याने “विकत मिळेल का” विचारलं तर तिने मोठ्या दिमाखात दुकानाचा पत्ता सांगितला.

माझा व्हिसा आला. तिचा नाकारल्याचं पत्र आलं : अर्जात दिलेला हेतू आणि मुलाखतीत सांगितलेला हेतू जुळत नाही. मी मराठीत समजावून सांगितलं. अक्का म्हणाली, “छाट.” आणि पीठ मळायला गेली.

पुढचे दिवस अवघड होते. दोघी चौकातल्या फ्लेक्सखालून भाजीला जायचो. वरती आम्ही विमानासह हसतोय, खाली आम्ही कोथिंबिरीची जुडी घेऊन. लोक विचारायचे, “अजून हितंच?” भाभी गच्चीवरून ओरडायच्या, “विमान पंक्चर हुआ क्या आपा?” अक्का ओरडायची, “हौ, हवा भरालेत!” घरात आली की मात्र पिशवी ठेवून थेट पिठाला लागायची. मी मॅनेजरला नाही म्हणून कळवायचं ठरवलं. निरोप लिहून तयार होता. अक्का येऊन टेबलापाशी उभी राहिली.

“तू जा,” ती म्हणाली.

“दोन घरं नकोत म्हणालो होतो.”

“म्हणालो होतो. पण तुला ते पाहिजे, हे मला दिसतंय. माझ्यामुळं नको म्हणालीस तर रोज माझ्या भाकरीत मीठ कमी काढशील. जा. बघ. मी येऊन जाईन.”

‘येऊन जाईन’ हे शब्द ऐकले आणि माझं डोकं पुन्हा चालायला लागलं. राहायला येण्याचा व्हिसा वेगळा, येऊन जाण्याचा वेगळा. पाहुण्यांच्या व्हिसाला तीन महिन्यांपर्यंत राहता येतं, आणि तिथे ते बरोबर उलटं विचारतात : परत येणार कशावरून? मागे तुमचं काय आहे? आधीचा नकार लपवायचा नसतो. मी तो स्वच्छ लिहिला. बाकी अक्काकडे सांगण्यासारखं भरपूर होतं. दोन्ही दुकानदारांनी लिहून दिलं की ही बाई आमच्याकडे नियमित माल देते. तिच्या घराचा उतारा लावला. या वेळी शिकवणी नव्हती. मुंबईला विचारलं, “परत कधी येणार?” अक्का म्हणाली, “तीन महिन्याच्या आत यावंच लागतं. गिऱ्हाईक तुटतं.” व्हिसा मिळाला.

मी तिच्या आधी निघाले. टेबल रिकामं करून लॅपटॉप पिशवीत घातला, तर अक्काने माळ्यावरून जुनं सूप काढलं, पुसलं, त्यात वाळलेल्या मिरच्या भरल्या आणि टेबलावर ठेवलं. सुलटं. “रिकामं टेबल बरं दिसत नाही,” म्हणाली.

तिकडचं वर्ष चांगलं गेलं, हे मान्य करायला हवं. काम जमलं. खोलीतून समुद्राची एक पट्टी दिसायची. नळाला सदैव पाणी होतं, आणि तरी दर चार-पाच दिवसांनी मी दोन बादल्या भरून ठेवायची, सवय. तिथल्या संध्याकाळी फार लांब असतात. उजेड हटत नाही. अशा उजेडात उंबऱ्याशी बसून बायकांनी किती विड्या वळल्या असत्या, असं मनात यायचं आणि मी खिडकीचा पडदा ओढून घ्यायची.

अक्का आली, ज्वारीच्या पिठाने अर्धी बॅग भरून. तिने शब्द पाळला. एकही भाकरी विकली नाही. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईला देऊन आली, त्या बाईने लिंबं दिली. मग हिने लोणचं घातलं, मग तिने मासे पाठवले, जे आम्ही दोघी खात नाही. “हे काम नाही ना?” अक्का मला दर वेळी विचारायची. “देणंघेणं आहे नुसतं.” मी म्हणायची, “नाही, हे काम नाही.” दुपारी मी कामाला बसले की ती खिडकीशी खुर्ची घेऊन बसायची. हात मांडीवर. कधी कधी बोटं आपोआप हलायची, पान गुंडाळल्यासारखी.

जायच्या आदल्या दिवशी तिने बॅग भरून दाराशी ठेवली आणि खोलीभर नजर फिरवली.

“सगळं चांगलं आहे हितं,” ती म्हणाली. “पाणी आहे. हवा आहे. माणसं वाईट नाहीत. फक्त कुणी येत नाही सूप घेऊन.”

मी म्हटलं, “तिथे तरी आता कोण आणतं?”

“भाभी आणतात की. कपडे आणतात, काजाबटणं करत बसतात. तू टेबलावर असतेस, मी पिठात असते, त्या बटणात असतात. तुझं लक्ष नसतं.”

लक्ष होतं. पण ते मोजायच्या गोष्टींत धरायचं असतं, हे मला सुचलं नव्हतं. ती गेल्यावर काही आठवडे मी परवाना वाढवण्याचे कागद जमवत राहिले. सगळे जमले. मुदत आली तेव्हा अर्ज करायचा राहून गेला असं नाही, मीच केला नाही. मॅनेजरला सांगितलं की मला माझं जुनं पद चालेल, सोलापूरहून, पूर्वीसारखं दुपारपासून. तो म्हणाला, तिथून हे पद सांभाळता येणार नाही. मी म्हटलं, माहीत आहे. बढती गेली. त्याचं वाईट वाटतं, अजूनही, विशेषतः नव्या प्रमुखाच्या पुस्तिकांमध्ये क्रम चुकलेला दिसतो तेव्हा.

घरी पोचले ती सकाळ होती. चौकातला फ्लेक्स दिसला नाही. तो आमच्या गच्चीवर होता. अक्काने त्यावर कुरडया वाळत घातल्या होत्या. विमानावर, तळ्यावर, आम्हा दोघींच्या हसऱ्या तोंडांवर. गच्चीच्या पलीकडून भाभी म्हणाल्या, “आली क्या आपा? चलो, अब्बी राहिलेल्या गप्पा पूरी करेंगे.”

समोरच्या खोलीत टेबल होतं तिथेच होतं. त्यावर सूप, सुपात मिरच्या, या हंगामाच्या. मी बॅग हातात घेऊन उभी होते.

“बघत काय बसलीस?” अक्का स्वयंपाकघरातून म्हणाली. “उचल की ते. बस कामाला. आणि पिंप धुवून घे आधी, आज पाणी आहे.”